आठ खाटांवरचं ऊन

मी एकदा एका नवरदेवाला हिरवा केला होता. चेन्नईत पोरूरच्या पुढे एक नवीन मंगल कार्यालय झालं होतं. मालकांना मधल्या छताला रंगीत काच हवी होती, आणि तीही भरपूर रंगांची. "एवढ्या सगळ्या रंगांची गरज नाही," असं मी दोनदा म्हटलं, पण तिसऱ्यांदा म्हटलं नाही, कारण मलाही आतून ते हवंच होतं. पहिलंच लग्न सकाळी नऊच्या मुहूर्ताचं निघालं. त्या वेळी छतातल्या एका मोठ्या हिरव्या पाकळीतून ऊन सरळ वराच्या पाटावर उतरलं. नवरी शेजारी झकास सोनेरी दिसत होती आणि हा बिचारा ओल्या भिंतीवरच्या शेवाळासारखा. छायाचित्रकाराने वराला दोन वेळा सरकवून बघितलं. शेवटी वराचे वडील मालकांना म्हणाले, "सार, माझा मुलगा आजारी नाही हो. पण या फोटोंवर कोण विश्वास ठेवील?"

पुढच्या महिन्यात आम्ही ती पाकळी काढून तिथे साधी दाणेदार काच बसवली. मी ही गोष्ट बरीच वर्षं हसून सांगत असे. तिच्यातून जे शिकायचं होतं ते मात्र मी शिकले नव्हते, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

माझं काम थोडक्यात सांगते. इमारतीत येणारा उजेड अडवून, गाळून, वळवून आत काहीतरी बघण्यासारखं करायचं. कधी खिडकीत रंगीत काच बसवायची, कधी जिन्याच्या पोकळीत काचेच्या पट्ट्या टांगायच्या, कधी आरशाच्या तुकड्यांनी ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर न्यायचं. पुण्यात चित्रकलेचं शिक्षण झालं, लग्न झालं, नवऱ्याची नोकरी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात, म्हणून चेन्नईला आले. तेव्हा जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर संगणक कंपन्यांच्या उंच उंच इमारती उभ्या राहत होत्या. प्रत्येकीला आत शिरल्या शिरल्या पाहुण्यांनी मान वर करावी असं काहीतरी हवं होतं. काम मिळत गेलं. अड्यारला एका बंगल्यामागची गाडी ठेवायची जागा मी भाड्याने घेतली आणि तिथे माझं काचघर सुरू झालं.

पण काच कापणं मला येत नव्हतं. ते मला रावमामांनी शिकवलं.

सेतुमाधवराव हे त्यांचं पूर्ण नाव. तंजावरकडच्या मराठी कुटुंबातले. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी पूर्वज इकडे आले ते इकडलेच झाले. मैलापूरला देवळामागच्या गल्लीत तंजावरी चित्रांच्या चौकटी करायचं त्यांचं छोटं दुकान होतं. सोन्याचा वर्ख, त्यात बसवलेले काचेचे खडे, वर एक सबंध काच. वय साठीच्या पुढे, अंगात नेहमी पांढरा सदरा, कपाळावर गंधाची उभी रेघ. मी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सुरुवात केली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अम्मा, तुम्हांस मराठी येतें, मजही येतें. मग इतकें कष्ट कां?"

त्यांची मराठी अशी होती. पोथीतून उठून आल्यासारखी, आणि चाल मात्र तमिळ. हातात काच कापायची हिरकणी घेतली की काचेवर एकच रेघ, न थांबता, श्वास रोखून. रेघ मारताना जो बारीक करकर आवाज येतो तो मध्येच बदलला, तर ते काच बाजूला ठेवून देत. "ही आज नाहीं म्हणते," एवढंच म्हणत. मी त्यांना भागीदार व्हा म्हटलं, तर त्यांनी दुकान पुतण्याकडे दिलं आणि रोज सकाळी बसने अड्यारला येऊ लागले.

आमच्याकडे ते रुग्णालयाचं काम आलं तेव्हा आम्हाला एकत्र काम करून पाच-सहा वर्षं झाली होती.

दक्षिण चेन्नईत एका धर्मादाय संस्थेचं ते रुग्णालय. त्यात डायलिसिसचा नवा कक्ष होणार होता. ज्यांची मूत्रपिंडं काम करीत नाहीत त्यांचं रक्त यंत्रातून फिरवून स्वच्छ करायचं आणि परत शरीरात सोडायचं. एका वेळी चार तास, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, आणि हे आयुष्यभर. एका हाताला सुया टोचलेल्या, त्यामुळे कुशीवरही वळता येत नाही. आठ खाटा, आठ यंत्रं. श्रीनिवासन नावाच्या एका उद्योजकांनी हा कक्ष आईच्या स्मरणार्थ बांधून दिला होता. ओरगडमच्या वाहन कारखान्यांना लागणारे सुटे भाग त्यांच्याकडे बनत. त्यांना कक्षात आईच्या गावचं कमळांचं तळं हवं होतं. कुंभकोणमजवळचं ते गाव, कमळांच्या तळ्याला तमिळमध्ये 'तामरैकुळम' म्हणतात.

मी जानेवारीत जागा बघितली. लांब कक्ष, उत्तरेच्या भिंतीला वरच्या बाजूला सलग खिडक्या. मी खूश झाले. शाळेपासून आपल्याला माहीत असतं की सूर्य दक्षिणेकडून जातो. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, नुसता शांत, एकसारखा उजेड येतो. म्हणून तर चित्रकार उत्तरेची खिडकी मागतात. मी ठरवलं, निळ्या काचा, हिरवी पानं, मोजकी गुलाबी फुलं. रुग्णांच्या डोळ्यांना गारवा. रावमामांनी पाण्याच्या निळ्यातल्या सात छटा स्वतः निवडल्या. एकेक काच ते दाराशी नेऊन उजेडात धरत आणि डोळे बारीक करून बघत.

फेब्रुवारीत उद्घाटन झालं. वर्तमानपत्रात फोटो आले. श्रीनिवासन तळ्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. खाली पितळी पाटीवर त्यांच्या आईचं नाव, त्यांचं नाव आणि अगदी खाली माझं. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आता मला पुढे काही केलं नाही तरी चालेल.

मे महिना आला. चेन्नईत या दिवसांतल्या उन्हाला 'कत्तिरी वेयिल' म्हणतात, म्हणजे कात्रीसारखं कापणारं ऊन. एका सकाळी नऊच्या सुमारास फोन वाजला. कक्षाच्या मुख्य परिचारिका, सिस्टर लीलाम्मा. केरळच्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची तमिळ आणि माझी तमिळ सारखीच वेडीवाकडी, त्यामुळे आमचं छान जमायचं.

"मॅडम, उद्या सकाळी साडेसातला या," त्या म्हणाल्या.

"काच फुटली का?"

"नाही. या तुम्ही. त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनाही आणा."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. कक्षात सात रुग्ण होते. चौथी खाट सिस्टरनी रिकामी ठेवली होती. बोट दाखवून म्हणाल्या, "पडुंगो, मॅडम." झोपा.

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी चपला काढून झोपले.

"आता हात वर करा. नखं बघा."

मी हात डोळ्यांसमोर धरला. पाण्यातून काढलेल्या प्रेताचा असतो तसा हात. निळा, फिकट, नखं काळसर. मान वळवून बघितलं तर तिसऱ्या खाटेवरच्या बाईंचा चेहरा निळा आणि पाचव्या खाटेवरचे गृहस्थ हिरवट. उत्तरेच्या खिडक्यांतून, जिथून ऊन येणारच नव्हतं तिथून, तिरपं ऊन आठही खाटांच्या डोक्यांवर लोळत पडलं होतं.

सिस्टर माझ्या बाजूला उभ्या राहून हळू आवाजात बोलू लागल्या. डायलिसिस चालू असताना रक्तदाब अचानक उतरतो. यंत्राला जोडलेला पट्टा दर अर्ध्या तासाने मोजतो, पण मधल्या अर्ध्या तासाचं काय? तेव्हा परिचारिकेचा डोळाच उपयोगी. चेहरा पांढरा पडायला लागला, ओठांचा रंग गेला, कपाळावर घाम आला, की धावायचं. "पंचवीस वर्षं मी तोंडं बघून काम करते. काल इथे वरदराजन सार होते. रोज बोलत असतात. मी दोनदा त्यांच्याकडे बघितलं. दोन्ही वेळा निळे दिसले. सगळेच निळे होते. तिसऱ्यांदा लक्षात आलं की सार बराच वेळ बोललेले नाहीत."

"मग?"

"मग काय. पाय वर केले, सलाइन सोडलं, डॉक्टरांना बोलावलं. आले शुद्धीवर. अजून पाच मिनिटं गेली असती तर मी तुम्हाला फोन केला नसता, मॅडम. मी पोलिसांशी बोलत असते."

मी त्या खाटेवर उठून बसले. नवरदेवाची हिरवी गोष्ट मी किती घरांत, किती जेवणांच्या पंगतीत सांगितली होती! रंगीत उजेड माणसाच्या चेहऱ्याचं काय करतो हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नव्हते.

रुग्णालयाचे व्यवस्थापक आले. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "एवढं काय? पडदा लावू. मे-जूनमध्ये सकाळी ओढायचा." मी लगेच मान हलवली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. तळं राहणार होतं, पाटी राहणार होती. सिस्टर पाठ फिरवून कामाला लागल्या.

परतताना ऑटोत अर्ध्या रस्त्यात रावमामांनी विचारलं, "अम्मा, पडदा कोण ओढील?"

"सिस्टर. नाहीतर आणखी कोणी."

"आणि ज्या दिवशीं ती रजेवर असेल?"

मी ऑटोवाल्याला पुढचं वळण दाखवलं.

"काच झाकून ठेवायची, तर मग ती कोणासाठीं लाविली? पाटीसाठीं?" ते बाहेर बघत म्हणाले. "मी लाविली तीं मीच काढीन. एक तुकडा फुटूं देणार नाहीं. पण तुम्ही हो म्हणा."

मी त्या दिवशी हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते दोन दिवस मला आजही टोचतात. त्या दोन दिवसांत काही झालं नाही, हे माझं नशीब आणि सिस्टरांची करडी नजर. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच रुग्णालयात गेले, वरदराजन सरांना भेटायला. माफी मागायची होती.

वरदराजन सर तांबरमच्या सरकारी शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. बारीक अंगयष्टी, जाड चष्मा, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. मी माफी मागितली ती त्यांनी हात हलवून झटकून टाकली आणि विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

"पुणे."

"अंश किती?"

मला कळेना, तसे तेच म्हणाले, "अक्षांश हो. साडेअठरा. चेन्नई तेरा. हाच तुमचा घोळ." त्यांच्या बाजूच्या टेबलावर कोणीतरी भेटायला येताना आणलेली मोसंबी होती. त्यांनी मोकळ्या हाताने ती उचलली. "ही मला खायला बंदी आहे. शिकवायला नाही." आणि मोसंबी तिरकी धरून, सुया टोचलेला हात अजिबात न हलवता, त्यांनी मला पाचवीचा धडा दिला. आपण विषुववृत्ताच्या जितके जवळ, तितके जास्त दिवस सूर्य आपल्या डोक्यावरून ओलांडून उत्तरेला असतो. चेन्नईत एप्रिलच्या शेवटी तो बरोबर माथ्यावर येतो आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत उत्तरेकडून जातो. जवळजवळ चार महिने. "आणि सकाळी उगवताना तर मार्चपासूनच उत्तरेकडे कललेला असतो. त्यात ही भिंत जराशी पूर्वेला वळलेली. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं की उन्हाळ्यात इथे ऊन येणार."

"मग सांगितलं का नाही, सर?"

"मला विचारलं कोणी?" ते म्हणाले. रागाने नव्हे. विद्यार्थ्याने सोपा प्रश्न चुकवल्यावर शिक्षक बघतात तसं बघत. मग म्हणाले, "आणखी एक सांगू? ते तळं फार सुंदर आहे असं माझी बायको म्हणते."

"तुम्हाला नाही आवडलं?"

"मी बघितलंच कुठे? ते माझ्या डोक्यामागे आहे."

मी वर बघितलं, मग खाटांकडे बघितलं. यंत्रांना लागणाऱ्या शुद्ध पाण्याच्या नळ्या उत्तरेच्या भिंतीतून आलेल्या, म्हणून सगळ्या खाटांची डोकी त्या भिंतीकडे. उत्तरेला डोकं करून झोपू नये म्हणून काही म्हाताऱ्या बायका कुरकुरायच्याही. नळ्या आणि खाटांच्या जागा मी जानेवारीतच बघितल्या होत्या, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते तळं दारातून आत येणाऱ्याला दिसायचं. डॉक्टरांना, पाहुण्यांना, देणगीदारांना, फोटो काढणाऱ्यांना. ज्यांच्यासाठी केलं त्या आठ जणांना दिसायची ती फक्त हातावर पडणारी निळाई.

त्याच दिवशी संध्याकाळी मी श्रीनिवासन यांच्या घरी गेले. काचा उतरवायच्या आहेत म्हटल्याबरोबर ते उभे राहिले.

"खाली माझ्या आईचं नाव आहे, मॅडम. लोक काय म्हणतील?"

"माझी चूक झाली म्हणून सांगा. ते खरंच आहे."

"कोणी मेलं का?"

"नाही. पण मेलं असतं. तुमच्या आईचं नाव खाली होतं म्हणूनच मी आले."

ते खिडकीपाशी गेले. मग त्यांनी मला बसा म्हटलं आणि स्वतःही बसले. आईबद्दल बोलू लागले. त्यासुद्धा दोन वर्षं डायलिसिसवर होत्या, एका दुसऱ्या रुग्णालयात. हे त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. "अम्मा घरी आल्या की म्हणायच्या, तिथलं छत मला पाठ झालं आहे. किती चौकोन, कुठल्या चौकोनाला तडा. म्हणायच्या, त्यावर कोणी काही लिहून ठेवलं असतं तर दोन वर्षांत मी एक पुराण तोंडपाठ केलं असतं."

छत! चार तास उताणं पडलेल्या माणसाला दुसरं असतं काय समोर?

तळं उतरवायला रावमामांना सहा दिवस लागले. काचेच्या कडेला भरलेली, आता वाळलेली लांबी म्हणजे पुट्टी ते ओल्या फडक्याने मऊ करीत आणि पातळ सुरीने खरवडत. त्यांनी दिलेला शब्द पाळला. एक तुकडा फुटला नाही. खिडक्यांत पांढरी धुरकट काच बसवली, तेव्हा लीलाम्मा सिस्टर आल्या, आठही चेहरे नीट बघून घेतले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या.

पण मला तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. या वेळी मी आधी विचारत गेले. सिस्टरना विचारलं, सरांना विचारलं, खाटांवरच्या प्रत्येकाला विचारलं. कक्षाची पूर्वेची भिंत आखूड होती आणि तिला उंच खिडकी होती. सकाळचं ऊन तिथून वर्षभर येतं. या खिडकीच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या वर, आतल्या बाजूने एक रुंद फळी बसवायची. फळीवर आरशाचे तुकडे, त्यांच्यावर रंगीत काचा. वरून आलेलं ऊन काचेतून आरशावर पडणार, परतणार आणि फक्त छतावर जाणार. खाली एक ठिपकासुद्धा येता कामा नये, ही सिस्टरांची अट.

या वेळी आम्ही आधी रंगीत कागद आणि हातातले आरसे घेऊन दहा दिवस सकाळी नुसता सराव केला. सर खाटेवरून हुकूम सोडायचे, "जरा कलतं करा. जूनमध्ये हा इकडे सरकेल, डिसेंबरमध्ये त्या कोपऱ्यात जाईल. दोन्हीची सोय बघा." रावमामा प्रत्येक आरशाखाली सागाची पातळ पाचर सरकवत आणि पेन्सिलीने त्यावर आकडा लिहीत. भूगोलाचा मास्तर आणि चौकटी करणारा कारागीर यांचं असं काही जमलं की मला मध्ये बोलायची गरजच राहिली नाही. सर तमिळमध्ये विचारत, मामा तमिळमध्ये उत्तर देत आणि मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणत, "हा माणूस सूर्यास ओळखतो."

निळा रंग मी वापरला नाही. पिवळा, केशरी, थोडा गुलाबी, फिका हिरवा. फळी बसली त्या सकाळी सिस्टर चौथ्या खाटेशी उभ्या राहिल्या, सरांचा हात हातात घेऊन त्यांची नखं बघितली, मग पापणी खाली ओढून बघितली. "खाली काही नाही. राहू द्या," त्या म्हणाल्या. त्यानंतरच त्यांनी मान वर केली.

छतावर रंगांचे पंधरा-वीस तुकडे होते. सूर्य खाली असताना ते लांब, आठव्या खाटेपर्यंत गेलेले असत. सूर्य चढत जाई तसे ते एकामागून एक खिडकीकडे परत येत. इतके सावकाश की हलताना दिसत नसत, पण डोळा लागून उघडला की जागा बदललेली असे.

"मॅडम," वरदराजन सर म्हणाले, "हे फारसं सुंदर नाही. पण हे चालतं." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मिळणं कठीण होतं.

सर पुढे अकरा महिने त्या छताखाली आले. शेवटच्या काही आठवड्यांत त्यांचं बोलणं फार कमी झालं होतं, असं सिस्टरनी मला सांगितलं. ते गेल्यावर त्यांच्या पत्नींनी मला एक वही दिली. तारीख, वेळ आणि केशरी तुकडा छताच्या कुठल्या चौकोनात, एवढंच पानांमागून पानं लिहिलेलं. आजही कुठलंही काम आलं की मी ती वही काढते. चेन्नईच्या सूर्याचं याहून खात्रीचं पंचांग माझ्याकडे नाही.

तळ्याच्या काचा श्रीनिवासन यांनी आईच्या गावच्या शाळेला दिल्या. त्या बसवायला मी आणि रावमामा गेलो होतो. मोठ्या ओसरीत, जिथे मुलं खेळतात, पळतात आणि निळी झाली तरी कोणाचं बिघडत नाही. एक मुलगी आपला निळा तळहात मैत्रिणीला दाखवत होती. मला त्या हाताकडे बघताना वाईट वाटलं नाही, एवढंच सांगते.

या कामानंतर माझी एक सवय लोकांना विचित्र वाटू लागली. कुठेही काम घेतलं की मी आधी त्या जागेत झोपते, बसते, तास-दोन तास थांबते. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका कंपनीत मला दालनाच्या मधोमध फरशीवर उताणी पडलेली बघून सुरक्षारक्षकाने रुग्णवाहिका बोलावली होती. त्याच्या खुर्चीवर मग मी तासभर बसले, तेव्हा कळलं की माझ्या आराखड्याप्रमाणे दुपारी दोन ते चार ऊन नेमकं त्याच्या डोळ्यांत जाणार होतं. आराखडा बदलला. त्याने मला चहा पाजला.

रावमामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची हिरकणी त्यांच्या पुतण्याने माझ्याकडे आणून दिली. काका तसं सांगून गेले होते म्हणाला. सिस्टर निवृत्त होऊन गावी गेल्या. पितळी पाटीवर त्यांचं नाव नाही. मी सुचवलं होतं, पण तेव्हा आग्रह धरला नाही. सरांचं नाही, मामांचंही नाही. माझं आहे. ही खंत मी इथे लिहून ठेवते, म्हणजे निदान कुठेतरी ती नावं एकत्र छापली जातील.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने आरसे कडांकडून काळे पडत जातात, म्हणून दर तीन महिन्यांनी मी स्वतः ती फळी पुसायला जाते. दरवर्षी दोन-चार आरसे बदलते. परवाच्या खेपेला पुसून झाल्यावर दुखरी पाठ टेकायला भिंतीशी स्टुलावर बसले होते. दुसऱ्या खाटेवर एक बाई होती. तिशीतली, गुम्मिडिपूंडीच्या कुठल्याशा कारखान्यात कामाला, असं ती नंतर बोलता बोलता म्हणाली. पहाटे पहिल्या गाडीने येते. माझे पांढरे केस आणि हातातलं फडकं बघून तिने मला कोणाची तरी सोबतीण समजलं असावं.

"तुमचं कोण आहे इथे?" तिने विचारलं. मी काय सांगावं या विचारात पडले, तर तिला वाटलं मी घाबरले आहे.

"पहिल्यांदा आलात? भिऊ नका, अम्मा. चार तास खूप वाटतात, पण जातात. हे बघा, वर बघा." तिने मोकळ्या हाताने छताकडे दाखवलं. "तो पिवळा आहे ना, तो त्या दिव्यापाशी आला की दोन तास झाले. गुलाबी माझ्या डोक्यावर आला की सिस्टर सुया काढायला येतात. घड्याळाकडे बघायचं नाही, घड्याळाने जीव जातो. तुमच्या माणसालाही सांगा."

"हे कोणी केलं?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

तिने वर बघितलं. असा प्रश्न तिला कधी पडला नसावा.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण ज्याने केलं तो इथे झोपलेला असणार."